‘आमी शिंद्यांचे सोयरे’ : घरातल्या आख्यायिकेचा शोध मुलांबरोबर

समजा, ‘आपलं घराणं’ हा प्रकल्प दिलाय आणि आंबोली-चौकुळकडचं एखादं मूल वर्गात उभं राहून सांगतं, “आजी म्हणता, आमी शिंद्यांचे सोयरे.” शिंदे म्हणजे महादजी शिंदे! आता तुम्ही काय करणार? “वा, वा!” म्हणून टाळ्या वाजवल्या तर शोध तिथेच संपला. हसलात, तर ते मूल घरी जाऊन आजीला खोटं ठरवणार. दोन्ही नकोत. एकच प्रश्न विचारा : नातं कोणत्या वाटेनं?

या कथेला आपल्या मुलखात खरा आधार आहे, म्हणून तर ती अभ्यासाला चांगली. सावंतवाडीचे तिसरे खेम सावंत यांचं लग्न १७६३ मध्ये जयाप्पा शिंद्यांच्या मुलीशी, लक्ष्मीबाईंशी झालं. जयाप्पा हे महादजींचे थोरले सावत्र भाऊ. पुढे याच सोयरिकीच्या जोरावर दिल्लीच्या बादशहाकडून ‘राजेबहादूर’ हा किताब वाडीला मिळाला. म्हणजे शिंद्यांची पुतणी वाडीची राणी होती. दुसरी वाट चाकरीची. पेडण्याजवळच्या केरीचे जिवबादादा केरकर शिंद्यांचे बक्षी झाले. पेडणं १७८८ पर्यंत सावंतवाडीकडेच होतं. असा मोठा माणूस उत्तरेत असला की मागोमाग गावाकडची माणसं जाणारच. मग ‘शिंद्यांच्या चाकरीत’ असलेला पणजा दोन पिढ्यांनी ‘शिंद्यांकडचा’ होतो, आणखी दोन पिढ्यांनी नुसता ‘शिंद्यांचा’! यात कुणी खोटं बोललेलं नसतं. शब्द झिजत जातात, एवढंच.

म्हणून मुलांना आधी शब्द नीट समजावून द्या. वंशज, भाऊबंद, सोयरा, दत्तक आणि चाकर ही पाच वेगळी नाती आहेत. आडनाव सारखं असणं हे तर नातंच नव्हे. ग्वाल्हेरचे शिंदे मूळ साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे, पण राज्यात शिंदे किती घरं आहेत ते वर्गाच्या हजेरीपटावरूनच कळेल. दत्तकाचं तर विशेष लक्षात ठेवा. महादजींना मुलगा नव्हता. त्यांच्यामागे आले ते दौलतराव, भाऊ तुकोजींचे नातू. झाशीच्या राणीचा स्वतःचा मुलगा तान्हेपणीच गेला आणि १८५३ मध्ये दत्तक घेतलेले दामोदरराव नेवाळकरांच्याच भाऊबंदांतले. तेव्हा कुणी ‘राणीच्या रक्ताचे’ म्हणालं, तर तिथे थांबून विचारायलाच हवं.

आता थोडं गणित. १७६३ पासून आजवर सुमारे २६० वर्षं, म्हणजे अंदाजे दहा पिढ्या. मुलांना फळ्यावर मांडू द्या : आईवडील २, आजी-आजोबा ४, मग ८, १६... दहाव्या पिढीत १०२४ जागा होतात. (लहान गावांत लग्नं जवळपासच होतात, त्यामुळे एकच माणूस चार जागी येऊ शकतो. हे कुणीतरी मूल स्वतःहून म्हणेल, म्हणू द्या.) घरात जपलेली वंशावळ यांतल्या किती जागा दाखवते? एक! बाप, त्याचा बाप, त्याचा बाप. उरलेल्या १०२३ जागांपैकी कित्येक आज्या-पणज्यांच्या माहेरच्या. वाडीच्या राणीचंच बघा, शिंद्यांशी नातं आलं ते सुनेच्या माहेराकडून. महादजींचंही रक्त पुढे गेलं असेल तर मुलींकडून, आणि त्यांची बाळाबाई शितोळ्यांची सून होती. माझं मत स्पष्ट आहे : शोधाची सुरुवात आजीच्या माहेरापासून करावी. नुसती पुरुषांची नावं पाठ करून घेण्यात अर्थ नाही.

शोध घ्यायचा कसा? आधी आजीलाच विचारायचं, “आजये, ह्यां तुका कोणी सांगल्यान?” मग त्या माणसाला कुणी सांगितलं? साखळी जिथे तुटेल तिथे खूण करायची. नंतर कागद : शाळेचं जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यूच्या नोंदी, सातबारा, फेरफार. यांतून बहुधा पणजोबा-खापरपणजोबांपर्यंतच पोचता येतं, १७६३ पर्यंत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. जुने कागद बघताना हेही ध्यानात असू द्या की १९४८ पर्यंत आपण सावंतवाडी संस्थानात होतो, मग रत्नागिरी जिल्ह्यात, आणि १ मे १९८१ पासून सिंधुदुर्गात. घरात मोडीतला कागद निघाला तर त्याला लॅमिनेशन करू नका! फोटो काढा आणि मोडी जाणणाऱ्याला दाखवा. कोल्हापूर, पुणे आणि पणजी इथल्या पुराभिलेखागारांत पुढचा शोध घेता येतो, पण ते काम मोठ्यांचं.

पालकांनो, या शोधात घरातली झाकलेली गोष्टही वर येऊ शकते : दुसरं लग्न, दत्तक, जमिनीचा तंटा. काय वर्गात सांगायचं ते घरच्यांनी ठरवावं. आणि शिक्षकांनो, ज्या मुलाच्या पूर्वजांची नोंद कुठल्या दप्तरात कुणी केलीच नाही, ते मूलही त्याच वर्गात बसलेलं असतं. त्याच्या आजीनं सांगितलेली आंबोली घाटातली गोष्टही त्याच वहीत, तेच रकाने करून लिहून घ्या : सांगणारं कोण, कुणाकडून ऐकलं, पुरावा काय. पुरावा नसेल तिथे ‘ऐकीव’ असं लिहायचं. आजीच्या गोष्टीवर काट मात्र मारायची नाही.