भावाआधी खंड विचार

चि. ओंकार यास,


तुझं पत्र पोचलं. शेजारची तीन एकर विकायला निघाली आहे, रस्ता मोठा झाल्यापासून त्या शिवारात भाव चढतोय, आणि आपली मळ्याची जमीन गहाण टाकून ती घ्यावी असं तुझ्या मनात आहे. शेतकऱ्याच्या पोराला जमिनीची ओढ असावीच. पण ‘जमिनीचा भाव कधी उतरत नाही’ असं तू लिहिलंस, त्यावर मला बोललंच पाहिजे.

भाव ठरतो तो फक्त मातीवर नाही. युरोपात नेदरलँड्स आणि फ्रान्स यांच्यामध्ये एवढासा बेल्जियम आहे. तरी २०२२ साली नेदरलँड्समध्ये हेक्टरला सरासरी सुमारे ८५ हजार युरो पडत होते आणि फ्रान्समध्ये सहा हजारांच्या आसपास. फ्रान्सची माती काही चौदापट हलकी नाही. नेदरलँड्समध्ये जमीन थोडी, वस्ती दाट, आणि दुधाचा व भाजी-फुलांचा धंदा जोरात. शिवाय गोठ्यातलं शेण-मूत किती जमिनीवर टाकायचं याला कायद्याची मर्यादा, त्यामुळे जनावरं वाढवायची तर जमीनही हवीच. फ्रान्समध्ये १९४६ पासून कुळाला भक्कम संरक्षण आहे. खंडाची मर्यादा सरकार ठरवतं, आणि ‘साफेर’ नावाच्या संस्थांना पुष्कळ व्यवहारांत आधी खरेदी करण्याचा हक्क आहे. त्यामुळे तिथे नुसत्या पैशाच्या जोरावर जमीन घेऊन नफा काढणं अवघड.

युक्रेनची काळी माती जगात नावाजलेली. पण २००१ पासून तिथे बहुतेक शेतजमिनीच्या विक्रीवर बंदी होती, ती १ जुलै २०२१ ला उठू लागली. म्हणजे वीस वर्षं माती अव्वल आणि उघडा बाजार नाही. इथिओपियात तर राज्यघटनेनेच जमीन विकायला मनाई केली आहे. आपल्याकडेही शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही, पण शहर किंवा रस्ता जवळ आला आणि जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, होण्याची आशा लागली की भाव पिकाला सोडून पळतो. तुझ्या शेजारच्या तीन एकरांचं तेच झालं आहे.

आता अमेरिकेतल्या आयोवा राज्याचं ऐक. मक्या-सोयाबीनचा तो पट्टा, तिथलं राज्य विद्यापीठ १९४१ पासून जमिनीच्या भावाची पाहणी करतं. १९७० च्या दशकात सोव्हिएत रशियाने धान्य उचललं, भाव वाढले, आणि जमीन चढतच राहणार असं धरून लोकांनी जमिनीवर कर्ज काढून आणखी जमीन घेतली. १९८१ साली एकराची सरासरी २,१४७ डॉलरला पोचली. मग व्याजदर चढले, धान्याचे भाव पडले, आणि १९८६ साली तीच सरासरी ७८७ डॉलरवर आली. माती तीच, पाऊस तोच. ज्यांच्यावर कर्ज नव्हतं ते तगले, पुष्कळ कर्जदारांची घरंदारं लिलावात गेली. १९८१ चा आकडा पुन्हा ओलांडायला २००३ उजाडलं.

म्हणून भावाआधी खंड विचार. आयोवात २०२३ साली एकराचा भाव सरासरी ११,८३५ डॉलर होता आणि वर्षाचा खंड २७९. म्हणजे भावाच्या अडीच टक्केही नाही. तुझ्या शिवारात एकराला रोख खंड काय मिळतो ते दोघा-तिघांना विचार, भावाशी ताडून बघ, आणि शेजारी बँकेचं व्याज लिही. व्याज खंडाच्या कितीतरी पुढे असेल, तर हप्ता ती जमीन फेडणार नाही, तुझ्या घामाची दुसरी कमाई फेडेल.

जमीन जरूर घे. पण पिकातून हप्ता निघेल एवढीच घे, विहिरीचं पाणी आणि सातबारा स्वतः तपासून घे. आणि मळ्याची जमीन गहाण टाकू नकोस. ती तुझ्या आईचा आधार आहे. तीन एकरांऐवजी एकच एकर पदरच्या पैशात बसत असेल तर एकच घे, आणि उरलेली दोन खंडाने करायला माग. हिशेब मांडलास की मला कळव, आपण दोघं मिळून पाहू.

तुझा,
मामा