हबला चिकटलेले चाक : ताकद नव्हे, पद्धत

गाडी पंक्चर होते. जॅक लावला जातो, सगळे नट निघतात, पण चाक जागचे हलत नाही. हाताने ओढून पाहिले, पायाने ढकलून पाहिले, तरी ते हबला जणू वेल्डिंग केल्यासारखे घट्ट! गाडीत प्रवासी खोळंबलेले असतात, कुणाला मुंबईचे विमान गाठायचे असते. मग ड्रायव्हर चिडून लाथा घालू लागतो, जॅकवरची गाडी डुलू लागते आणि पंधरा मिनिटांचे काम हातपाय मोडण्यावर जाते.

गॅरेज, टायरचे दुकान, टुरिस्ट टॅक्सी आणि मालवाहतूक या धंद्यांत आपले पुष्कळ वाचक आहेत. त्यांच्या रोजच्या उपयोगाचा हा विषय आहे. नव्याने काम शिकणाऱ्या मुलांनी तो नीट समजून घ्यावा. जुन्या उस्तादांनीही एकदा नजर टाकायला हरकत नाही.

चाक चिकटते कशामुळे?

हबच्या मध्यभागी एक गोल उंचवटा असतो. रिमचे मधले भोक त्यावर अगदी बेताचे बसते. पुष्कळ लहान गाड्यांत या भोकाचे माप ५४.१ मिलिमीटर असते. मापात दशांशापर्यंत काटेकोरपणा आहे, तो चाक बरोबर मध्यावर बसावे आणि डगमगू नये म्हणून. परंतु एवढ्या बारीक फटीत पाणी शिरले की ते लवकर सुकत नाही. हब लोखंडी असल्याने गंज चढू लागतो. गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. फट लहान आणि गंज फुगलेला, त्यामुळे हब व रिम यांच्यामध्ये पाचर ठोकल्यासारखे होते. नट काढले तरी ही पाचर चाकाला सोडत नाही.

अलॉय व्हील असेल तर आणखी एक कारण जमेस येते. अलॉय रिम बहुधा अॅल्युमिनियमची असते. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आहेत आणि मध्ये खारट ओलावा आहे, म्हणजे तेथे एक छोटा विद्युत घटच तयार होतो. त्यात अॅल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी फटीत घट्ट बसते. इटलीचे लुइजी गॅल्व्हानी यांनी १७९१ साली दोन धातूंच्या स्पर्शाने बेडकाच्या पायात होणाऱ्या हालचालींवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. या प्रकारच्या झिजेला आज त्यांच्याच नावावरून गॅल्व्हानिक गंज म्हणतात. रत्नागिरी, मुरुड, श्रीवर्धन अशा किनाऱ्यावरील गावांत खारा वारा बाराही महिने असतो, आणि त्यात कोकणचा पाऊस. तेथील कारागिरांना ही पांढरी भुकटी चांगली परिचयाची असेल.

आता हे जास्त का होते?

ट्यूबचे टायर होते तेव्हा दर पंक्चरला चाक काढावेच लागे. चाक वरचेवर निघत असल्याने गंजाला घट्ट व्हायला वेळ मिळत नसे. ट्यूबलेस टायर आले आणि पंक्चरवाला चाक न काढताच खिळा उपसून रबराची पट्टी भरू लागला. गिऱ्हाइकाचा वेळ वाचला, हे चांगलेच झाले. पण चाक दोन-दोन, तीन-तीन वर्षे हबवरच राहू लागले. २०२० साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. तिच्यानुसार ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे साहित्य असलेल्या गाडीला स्टेपनी ठेवण्याची सक्ती राहिली नाही. म्हणजे चाक काढण्याचे प्रसंग आणखी घटले.

उभ्या गाडीचीही तीच गत. मालक आखातात नोकरीला, गाडी गावी अंगणात. तो सुट्टीवर येतो तेव्हा बॅटरी बदलतो, हवा भरतो, पण चाकांकडे कोणी पाहत नाही. दोन पावसाळे खाल्लेली अशी गाडी वाटेत पंक्चर झाली की मगच चिकटलेले चाक लक्षात येते.

आधी निदान, मग औषध

चाक खरोखर गंजाने चिकटले आहे का, हे प्रथम पाहा. व्हीलकपखाली एखादा नट राहिला आहे का? अलॉय व्हीलला चोरीपासून बचावासाठी एक वेगळा लॉक नट असतो, तो काढला आहे का? नट मोजा आणि मगच पुढे जा.

मागच्या चाकाला ड्रम ब्रेक असेल तर आणखी एक गोष्ट संभवते. रिम ड्रमला चिकटते आणि चाकाबरोबर ड्रमही बाहेर येऊ पाहतो. हँडब्रेक ओढलेला असेल तर आतील लायनर ड्रमला धरून ठेवतात. आपण बाहेरून कितीही ओढले तरी झुंज लायनरशी चालू राहते. रिमबरोबर ड्रमही किंचित हलताना दिसला तर थांबा. इतर चाकांना अडसर पक्के लावून नंतरच हँडब्रेक सोडा.

सुरक्षिततेचे नियम

गाडी सपाट आणि टणक जागी असावी. गिअर टाका, हँडब्रेक ओढा आणि जे चाक काढायचे त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. गाडीतील माणसे उतरवून रस्त्यापासून दूर उभी करा.

गाडीबरोबर येणारा जॅक फक्त गाडी उचलण्यासाठी आहे, तोलून धरण्यासाठी नाही. गॅरेजमध्ये घोडी लावल्याशिवाय चाकावर ठोकाठोक करू नये. रस्त्यावर घोडी नसते, तेव्हा स्टेपनी आडवी करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवावी. जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर टेकेल. पण एवढे केले तरी शरीराचा कोणताही भाग गाडीखाली जाता कामा नये.

चाक सोडवण्याचा क्रम

मुख्य सूत्र एकच: आपल्या दंडाची ताकद नव्हे, गाडीचे वजन कामाला लावा. आठशे किलोच्या छोट्या गाडीचेही एकेका चाकावर सरासरी दोनशे किलो वजन येते. तेवढा जोर माणूस लाथेने आणू शकत नाही आणि आणायचा प्रयत्न केला तर गाडी जॅकवरून घसरते.

पायरी १. काढलेले सगळे नट पुन्हा हाताने लावा. ते रिमला टेकले की एक-एक फेरा मागे फिरवा. आता चाक एकदम सुटले तरी अंगावर येणार नाही, आणि सुटायला त्याला जागाही राहील.

पायरी २. मधली टोपी काढून हब आणि रिम यांच्यामधील फटीत गंज सोडवणारे तेल थोडे-थोडे मारा. बाजारात त्याचे स्प्रेचे डबे मिळतात. पंधरा-वीस मिनिटे वाट पाहा. येथेच घाई होते, पण तेलाला मुरायला वेळ हवा. ब्रेकच्या डिस्कवर किंवा लायनरवर तेल उडू देऊ नका. उडालेच तर ब्रेक क्लीनरने पुसल्याखेरीज गाडी रस्त्यावर काढू नका.

पायरी ३. जॅक खाली घेऊन गाडीचे वजन त्या चाकावर येऊ द्या. टायर बसलेला असेल तर आधी थोडी हवा भरा, नाही तर रिमखाली टायर चिरडेल. मग त्या चाकाच्या वर, गाडीच्या छताकडील बाजूस हात लावून दोघांनी गाडी डावी-उजवी डोलवावी. पुष्कळदा 'कट्ट' असा आवाज येतो आणि चाक सुटते.

पायरी ४. तेवढ्याने सुटले नाही तर गाडी सुरू करून मनुष्याच्या चालीने एक-दोन मीटर पुढे न्या आणि ब्रेक दाबा. तसेच मागे घेऊन पुन्हा दाबा. हे मोकळ्या आणि सपाट आवारातच करावे, जवळपास मुले-माणसे नसावीत. नट फेराभर सैल, पण सर्व जागेवर असलेच पाहिजेत. आवाज येताच थांबा. याने स्टडच्या आट्यांवर ताण पडतो, म्हणून दोन-तीन वेळांपेक्षा जास्त करू नका. घाटात, उतारावर किंवा वाहत्या रस्त्यावर ही पायरी मुळीच करू नये. तेथे धोक्याचे दिवे लावा, त्रिकोणी फलक मागे ठेवा आणि गाडी ओढून नेणाऱ्याला बोलवा. टोइंगचे पैसे जिवापेक्षा स्वस्त आहेत.

पायरी ५. यानंतर जे काही करायचे ते गॅरेजमध्ये, गाडी घोडीवर किंवा लिफ्टवर पक्की बसवून. नट फेराभर सैल ठेवूनच टायरच्या बाजूवर रबरी हातोडा मारावा. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग चाक पाव फेरा फिरवून पुन्हा. एकाच जागी मारत राहिल्यास चाक तिरके होऊन अधिक अडकते. तरीही हलले नाही तर आतल्या बाजूने टायरवर लांब लाकडी ओंडका टेकवून त्याच्या दुसऱ्या टोकावर घण मारावा. घाव टायरवर बसावा, रिमवर नव्हे.

हे करू नका

लोखंडी हातोड्याने रिमवर मारू नका. लोखंडी रिम वाकते. अलॉयला बारीक तडा जातो, तो डोळ्यांना दिसत नाही आणि पुढे भरधाव वेगात उघडा पडतो.

रिम आणि ब्रेकची डिस्क यांच्यामध्ये टॉमी घालून उचकटू नका. डिस्क किंचित वाकली तरी ब्रेक दाबताना पॅडल थरथरू लागते.

गॅसची ज्योत लावू नका. गंजलेला नट तापवून सोडवण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे, पण टायर चढवलेल्या चाकाला ती कधीच लावायची नाही. उष्णतेने टायरच्या आत ज्वलनशील वायू तयार होतो आणि टायर बॉम्बसारखा फुटू शकतो. शिवाय बेअरिंगचे ग्रीस आणि सील जळतात. फटीत पेट्रोल ओतणे हाही असाच आगीशी खेळ आहे.

चाक निघाले, आता खरे काम

चाक निघाले की आपण सुटकेचा श्वास टाकतो, दुसरे चाक चढवतो आणि गिऱ्हाइकाला मोकळे करतो. रोग मात्र तसाच राहतो. हबचा उंचवटा, त्याचा सपाट चेहरा आणि रिमचे मधले भोक या तिन्ही जागा वायर ब्रशने व पॉलिश पेपरने साफ कराव्यात. अलॉयच्या बाजूने हात हलका ठेवावा. गंजाची खपली मध्ये राहिली आणि तिच्यावरच नट आवळले, तर चालताना ती खपली चुरडते, नट सैल होतात आणि चाक डगमगू लागते. म्हणजे ही सफाई केवळ पुढच्या वेळी चाक सहज निघावे म्हणून नाही, ते वाटेत निखळू नये म्हणूनही आहे.

साफ केल्यावर फक्त मधल्या उंचवट्यावर अँटिसीझचा किंवा जास्त उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. रिम जेथे टेकते तो सपाट चेहरा, स्टडच्या आट्या आणि नटाची बैठक कोरडी ठेवा. कंपनीने दिलेला आवळण्याचा आकडा सामान्यतः कोरड्या आट्यांसाठी असतो. तेलकट आट्यांवर तोच जोर लावला की स्टड प्रमाणाबाहेर ताणला जातो.

नट आधी हाताने लावा, मग समोरासमोर किंवा ताऱ्याच्या आकाराने आवळा. शेवटचा आवळ गाडी जमिनीवर टेकवून टॉर्क पान्याने द्यावा. लहान गाड्यांना हा आकडा साधारण ८० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत.

धंद्याचा हिशेब

हवेच्या गनने 'खर्रर्र' करून नट आवळले की काम झटपट होते. पण अंदाज नसलेल्या हाताने आवळलेला नट वाटेत गिऱ्हाइकाच्या छोट्या पान्याने निघत नाही. तो मनातल्या मनात कोणाला बोल लावतो, हे सांगायला नको. गन चालवा, पण शेवट टॉर्क पान्याने करा. घोडीची जोडी, रबरी हातोडा, वायर ब्रश आणि टॉर्क पाना हे सामान एकदाच घ्यायचे असते आणि वर्षानुवर्षे पुरते.

टायरची अदलाबदल साधारण दर दहा हजार किलोमीटरला होते. त्या वेळी चारही चाके निघालेलीच असतात. तेव्हाच हब साफ करून द्या. मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वी, टॅक्सीवाल्यांना आणि बंद पडून असलेल्या गाड्यांच्या मालकांना हे काम आपणहून सुचवा. चाक चिकटलेले आढळले तर हात लावण्याआधीच गिऱ्हाइकाला दाखवा, वेळ व मजुरी किती वाढेल ते सांगा आणि बिलात वेगळे लिहा. मागाहून वाढवलेली मजुरी भांडण आणते, आधी सांगितलेली मजुरी भरवसा आणते.

गाडीमालकांनीही एवढे करावे: वर्षातून एकदा, घरच्या अंगणात, दिवसाउजेडी आपल्या गाडीचे प्रत्येक चाक निघते की नाही हे पाहून घ्यावे. गाडीतला पाना नटाला बसतो का, लॉक नटाची चावी जागेवर आहे का, हेही त्याच वेळी समजेल. घाटात रात्री अकरा वाजता ही परीक्षा देण्यापेक्षा अंगणातली परीक्षा सोपी असते.