साखरेचे दुखणे आणि मनाचे दुखणे

एका घरातली गोष्ट धरा. घर कोणाचेही असेल. घरात एक म्हातारी आहे. सारा गाव तिला आत्या म्हणतो. चार वर्षांपूर्वी तिच्या रक्तात साखर वाढलेली निघाली. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. दोन वर्षे सगळे ठीक चालले. मग आत्याचे यजमान वारले. तेव्हापासून आत्या ओसरीवरून उठेनाशी झाली. भजनाला जाणे सुटले. शेजारणीकडे बसणे सुटले. गोळ्यांची पाकिटे फडताळात तशीच पडून राहू लागली. मुलगा रागावतो, सून समजूत घालते. आत्या दोघांनाही "हो" म्हणते.

एक दिवस तिच्या पायात काटा मोडला. तिला कळलेच नाही. आठ दिवसांनी पाय सुजला, तेव्हा सुनेने पाहिले.

आशाताई घरी आल्या.

"आत्या, गोळ्या वेळेवर घेता ना?"

"घेते की."

आशाताईंनी फडताळ पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत. पाय पाहिला. "उद्या सकाळीच दवाखान्यात जायचं. मी येते बरोबर," म्हणाल्या. मग आत्याजवळ जमिनीवर बसल्या.

"आत्या, गेल्या पंधरा दिवसांत कशात मन लागतं का?"

"कशात लागायचं, पोरी? सकाळ झाली की वाटतं, कशाला झाली."

"उदास वाटतं? आता पुढं काही बरं व्हायचं नाही, असं वाटतं?"

आत्याने पदर डोळ्याला लावला.

हे दोन प्रश्न आशाताईंनी मनचे काढलेले नाहीत. तीस वर्षांवरच्या माणसांची माहिती त्या ज्या फॉर्मवर लिहून घेतात, त्यावर हे छापलेले आहेत. तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, घरात कोणाला साखर किंवा रक्तदाब आहे का, असे त्यात विचारलेले असते. त्याच फॉर्मवर मनाचे हे दोन प्रश्न आहेत. साखरेच्या फॉर्मवर मनाचे काय काम? तेच आज पाहू.

आपण खातो त्या अन्नाची पोटात साखर होते. ती रक्तात उतरते. रक्तातून ती अंगाच्या कणाकणात पोचायला इन्सुलिन नावाचा रस लागतो. पोटातले स्वादुपिंड हा रस तयार करते. रस कमी पडला किंवा त्याचा गुण येईनासा झाला, की साखर रक्तातच साठते. यालाच मधुमेह म्हणतात. २०२३ साली छापलेल्या एका मोठ्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना तो आहे. साठलेली साखर वर्षानुवर्षे हळूहळू नासधूस करते. डोळे, मूत्रपिंड आणि पायाच्या नसा यांना ती धरते. नसा बधिर झाल्या की काटा मोडलेला कळत नाही. आत्याचे तेच झाले.

मधुमेह झालेल्या लोकांत उदासीचा आजार इतरांपेक्षा पुष्कळ जास्त आढळतो. हा आजार म्हणजे चार दिवसांचे वाईट वाटणे नव्हे. पंधरा दिवस, महिना, सहा महिने माणूस खिन्न राहतो. झोप बिघडते, भूक बिघडते, अंगातले त्राण जाते. मग गोळी घ्यावीशी वाटत नाही. चालावेसे वाटत नाही. कधी जेवण टळते, तर कधी भलत्या वेळी भलतेच खाल्ले जाते. शिवाय मनावर ताण असला, की शरीरात असे काही रस सुटतात, की त्यांनीही रक्तातली साखर वाढते. साखर वाढली की थकवा वाढतो. थकव्याने मन आणखी खचते. मुलगा म्हणतो, आई ऐकत नाही. पण ऐकण्याचे बळच उरलेले नसते, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

बरे, मग यावर उपाय काय? मनाचे डॉक्टर आपल्याकडे थोडे. तेही शहरात. म्हणून गोव्यात संगत नावाच्या संस्थेने एक प्रयोग केला. डॉक्टर विक्रम पटेल यांचे नाव या कामात पुढे आहे. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत २०१३ ते २०१५ या काळात ४९५ माणसे निवडली. सगळ्यांना उदासीचा आजार चांगलाच जडलेला होता. त्यांचे दोन गट केले. कोण कोणत्या गटात, हे ठरवताना वशिला चालला नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते ठरले. एका गटाला दवाखान्यात नेहमी मिळतात ते उपचार. दुसऱ्या गटाला तेच उपचार, आणि शिवाय सल्लागाराबरोबर बोलण्याच्या सहा ते आठ बैठका.

दोन गट कशाला? सगळ्यांशीच बोलायला काय हरकत होती? हा प्रश्न रास्त आहे. पण असे पाहा. बियाणे चांगले की वाईट, हे कसे कळते? शेजारशेजारचे दोन वाफे करतात. माती एक, पाणी एक. एकात जुने बी, दुसऱ्यात नवे. तरच खरा फरक दिसतो. माणसाचेही तसेच आहे. काही माणसे नुसत्या काळानेही सावरतात. तीन महिन्यांनी मोजले, तेव्हा नेहमीच्या उपचारांवर १०० मधली ३९ माणसे उदासीतून बाहेर आली होती. दुसरा गट नसता, तर याचेही श्रेय बैठकांना गेले असते. बैठका झालेल्या गटात मात्र १०० मधली ६४ माणसे बाहेर आली. मधला फरक २५ माणसांचा. तो बैठकांचा गुण. वर्षाने पुन्हा मोजले, तेव्हा हा फरक कमी झाला होता, पण राहिला होता. ४८ आणि ६३.

हे सल्लागार कोण होते? डॉक्टर नव्हते. तिथलीच माणसे होती, दहावीच्या पुढे शिकलेली. मनाच्या आजाराचे शिक्षण त्यांनी आधी घेतलेले नव्हते. त्यांना काही आठवडे शिकवले आणि कामाला लावले. बैठका ध्वनिमुद्रित करून ते एकमेकांच्या ऐकत आणि कुठे चुकले ते सांगत. मला या प्रयोगातली ही गोष्ट फार आवडते. आपले काम दहा जणांना ऐकू देणे सोपे नाही.

बैठकीत काय बोलत? उपदेश नाही. "मन घट्ट करा" असे तर मुळीच नाही. खचलेल्या माणसाला तसे सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला पळ म्हणण्यासारखे आहे. सल्लागार आधी ऐकून घेई. मग विचारी, पूर्वी तुम्हाला काय करायला आवडायचे? दिवस कसा जायचा? त्यातले एखादे अगदी लहान काम निवडायचे. वार ठरवायचा, वेळ ठरवायची. मन लागण्याची वाट पाहायची नाही. आपण म्हणतो, मन आले की करू. इथे आधी थोडे करायचे, मग मन हळूहळू मागून येते. पुढच्या बैठकीला विचारायचे, जमले का? नाही जमले तर रागवायचे नाही. काम आणखी लहान करायचे. चार घरे चालणे जमले नाही, तर अंगणापर्यंत.

हे झाले मनाचे. साखर आणि मन दोन्ही एकाच ठिकाणी सांभाळले तर? तेही करून पाहिले आहे. चेन्नई, दिल्ली अशा शहरांतल्या चार दवाखान्यांत ४०४ माणसे घेतली. सगळ्यांना मधुमेहही होता आणि उदासीही. अर्ध्या लोकांसाठी मदतनीस नेमला. तो रुग्णाच्या पाठीशी राही, साखर, रक्तदाब आणि मन तिन्ही विचारी आणि ठराविक दिवशी साखरेचे व मनाचे डॉक्टर यांच्यासमोर सगळी नोंद ठेवी. काही बदलायचे असेल तर ते सुचवत. दोन वर्षांनी पाहिले. उदासी निम्म्याने उतरली आणि साखर, रक्तदाब किंवा चरबी यांतले निदान एक सुधारले, अशी माणसे या गटात १०० मध्ये सुमारे ७२ निघाली. नेहमीच्या उपचारांच्या गटात सुमारे ५७. हा अभ्यास २०२० साली छापून आला. शहरातले दवाखाने होते, हे खरे. खेड्यात एवढी माणसे कुठून आणायची, हा प्रश्न राहतोच. पण आशाताईंच्या फॉर्मवर दोन्हींचे प्रश्न एकत्र आहेत, म्हणजे सुरुवात इथे करता येते.

आता आत्याकडे परत जाऊ. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जखम धुतली. साखर तपासली. ती खूप वाढली होती. आशाताईंनी मनाचेही सांगितले. डॉक्टरांनी रक्त कमी आहे का तेही पाहिले, कारण थकवा त्यानेही येतो. मग त्यांनी आत्याला सरळ विचारले, "जीव नकोसा होतो का? काही करून घ्यावं असं मनात येतं का?"

सून दचकली. पण असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. विचारले की माणूस मोकळा होतो. आत्या म्हणाली, "येतं कधी कधी. मग नातू समोर दिसतो." डॉक्टरांनी सुनेला सांगितले, आत्याला एकटे ठेवू नका, शेतातली औषधे कुलपात ठेवा, आणि आठ दिवसांनी पुन्हा आणा. एक नंबरही दिला. १४४१६. हा टेलिमानसचा सरकारी फोन आहे. २०२२ साली सुरू झाला. पैसे पडत नाहीत, रात्रीही चालतो, मराठीतून बोलता येते.

घरी येताना आशाताईंनी विचारले, "आत्या, पूर्वी सकाळी काय करायचा?"

"तुळशीला पाणी घालायची. नातवाला शाळेच्या वळणापर्यंत सोडायची."

"पाय बरा होईपर्यंत तुळशीपर्यंतच. पाणी घातलं की गोळी घ्यायची. जमेल?"

"बघते."

"बघा. शुक्रवारी विचारायला येते."

आता वही काढा. तुमच्या घरात कोणाला साखर किंवा रक्तदाब आहे का? त्यांचे नाव लिहा. नावाखाली दोन प्रश्न लिहा. गेल्या पंधरा दिवसांत कशात मन लागते का? उदास किंवा निराश वाटते का? आज रात्री जेवण झाल्यावर त्यांच्याजवळ बसून विचारा. ते काय म्हणाले, ते त्यांच्याच शब्दांत लिहा. पुढच्या वेळी आशाताई आल्या, की ते पान त्यांना दाखवा.