चिप लेव्हल दुरुस्ती : आधी निदान, मग सोल्डर

दहावी-बारावीचा निकाल लागला की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. "घरातली प्रत्येक वस्तू उघडून बसतो, पुस्तकात लक्ष नाही. याचं पुढे काय होणार?" वस्तू उघडल्यावर ती बंद का पडली हे ज्या मुलाला किंवा मुलीला जाणून घ्यावंसं वाटतं, त्यांच्यासाठी लॅपटॉपच्या मदरबोर्डची दुरुस्ती, म्हणजेच 'चिप लेव्हल'चं काम, हा विचार करण्याजोगा व्यवसाय आहे.

काम नेमकं काय असतं?

बटण दाबलं तरी दिवाही लागत नाही असा लॅपटॉप दुकानात येतो. बऱ्याच ठिकाणी उत्तर मिळतं, "बोर्ड गेला, नवा टाका." चिप लेव्हलच्या कारागिराचं काम इथून सुरू होतं. तो अडॅप्टर आणि बॅटरी काढतो, मल्टिमीटर लावतो आणि 19 व्होल्टची मुख्य लाइन ग्राउंडला शॉर्ट आहे का ते पाहतो. शॉर्ट सापडला, तर पहिला संशय त्या लाइनवरच्या मॉस्फेटांवर, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांवर, आणि सिरॅमिक कपॅसिटरांवर. बोर्ड वाकला किंवा लॅपटॉप पडला, की अशा कपॅसिटरला डोळ्यांना न दिसणारा तडा जाऊ शकतो आणि तो आतून शॉर्ट होतो.

अडचण अशी, की हे कपॅसिटर एकाच लाइनवर समांतर जोडलेले असतात. त्यामुळे एक बिघडला तरी मीटरवर सगळेच शॉर्ट दिसतात. मग डीसी पॉवर सप्लायने त्या लाइनला 1 व्होल्टच्या आसपास आणि करंटची मर्यादा घालून वीज देतात. बहुतेक सगळा करंट शॉर्टमधून जातो आणि बिघडलेला भाग तापतो. बोर्डवर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं असेल, तर ते तिथून सर्वांत आधी उडतं. थर्मल कॅमेऱ्यात तीच जागा उजळते. मात्र प्रोसेसरला वीज देणाऱ्या लाइनवर चुकून जास्त व्होल्टेज दिलं, तर प्रोसेसर कायमचा जाऊ शकतो. म्हणून कोणती लाइन कुठे जाते हे स्कीमॅटिकवर, म्हणजे बोर्डच्या सर्किटच्या नकाशावर, आधी वाचावं लागतं.

सापडलेला कपॅसिटर हॉट एअरने काढला, की मीटर पुन्हा लावायचा. शॉर्ट गेला असेल, तरच निदान बरोबर. अशा छोट्या कपॅसिटरवर मूल्य छापलेलं नसतं. ते स्कीमॅटिकमध्ये शोधायचं किंवा त्याच मॉडेलच्या डोनर बोर्डवरून, म्हणजे सुट्या भागांसाठी ठेवलेल्या जुन्या बोर्डवरून, तोच भाग घ्यायचा. काही भाग 1 मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असतात. शिसं नसलेलं सोल्डर साधारण 217 अंश सेल्सिअसला वितळू लागतं, आणि गरम हवा जास्त वेळ धरली तर शेजारचा प्लास्टिकचा कनेक्टर खराब होतो.

हाताला सोल्डरिंगची सवय सरावाने लागते. कारण सापडल्याशिवाय भाग न बदलण्याची शिस्त मात्र जाणीवपूर्वक कमवावी लागते, आणि या व्यवसायात पैसे मिळतात ते तिचेच.

कल कसा ओळखावा?

मुलाच्या हातात साधा मल्टिमीटर आणि बॅटरीवर चालणारं बंद खेळणं द्या. तो मोजतो का, मोजलेलं वहीत लिहितो का, की दिसेल तो भाग बदलत सुटतो, हे आठवडाभर पाहा. चार्जर किंवा जुना टीव्ही मात्र उघडू देऊ नका. प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर धोकादायक चार्ज धरून ठेवू शकतात.

शिक्षणाची वाट

दहावीनंतर आयटीआयमध्ये 'इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक' हा 2 वर्षांचा ट्रेड आहे. तिथून पुढे पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट असते, त्यामुळे आयटीआय घेतलं म्हणजे शिक्षण संपलं असं समजू नका. दहावीनंतर 3 वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा हाही चांगला पाया आहे. चिप लेव्हलचा खासगी कोर्स या पायानंतर करावा. ओहमचा नियम, मॉस्फेट आणि व्होल्टेज रेग्युलेटर समजल्याशिवाय केलेला कोर्स फक्त ठरावीक बिघाड पाठ करून घेतो.

क्लासची फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र टेबल आणि हॉट एअर मिळतं का? खरोखर बंद पडलेले बोर्ड सरावाला देतात का? स्कीमॅटिक वाचायला शिकवतात का? नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातीपेक्षा या तीन उत्तरांवर निर्णय घ्या. त्यानंतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात किंवा आपल्याच गावात एखाद्या अनुभवी कारागिराकडे उमेदवारी करावी.

भविष्य आहे का?

आहे, पण सोपं नाही. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये रॅम, काहींमध्ये स्टोरेजही बोर्डवरच सोल्डर केलेलं असतं. अशा वेळी सुटा भाग बदलून काम भागत नाही, चिप लेव्हलचं कौशल्य लागतं. दुसरीकडे सुटे भाग आणि स्कीमॅटिक मिळणं अनेकदा कठीण असतं. केंद्र सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, ही या दिशेने चांगली सुरुवात आहे. शिवाय हेच निदान इन्व्हर्टर, वैद्यकीय उपकरणं आणि इलेक्ट्रिक वाहनांच्या कंट्रोलरच्या दुरुस्तीत उपयोगी पडतं, आणि इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांच्या टेस्टिंग व रीवर्क विभागांतही.

सुरुवातीला कमाई बेताची असते. मान आणि डोळ्यांवर ताण येतो. सोल्डरचा धूर बाहेर काढणारा पंखा हवाच. काही बोर्ड दुरुस्त होत नाहीत, आणि ग्राहकाला तसं स्पष्ट सांगावं लागतं. त्याचा डेटा आपल्या हातात असतो, तो उघडून न पाहणं हीच दुकानाची पत.

पालकहो, 'रिपेअरिंगवाला' म्हणून या कामाला कमी लेखू नका. मुलीला आवड असेल तर तिलाही हीच वाट दाखवा. प्रवेशअर्ज भरण्याआधी मुलांना एखाद्या चांगल्या कारागिराशेजारी काही दिवस बसवा. एक बंद बोर्ड सुरू होईपर्यंतचं सगळं मोजमाप बघताना त्यांचं मन रमलं, तर निश्चिंतपणे अर्ज भरा. कंटाळा आला, तर दुसरी वाट शोधा. त्यात फी आणि उमेदीची वर्षं दोन्ही वाचतील.