परवलीचा शब्द

सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीपासून वेगळा झाला आणि ओरोस येथे त्याच्या कचेऱ्यांसाठी सिंधुदुर्गनगरी वसली. तेथील रेल्वे स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या बहुतेकांच्या खिशात आज मोबाइल असतो. मुंबईहून एखादी आई आपल्या मुलाला हाक मारते आणि नेमके त्याच मुलाच्या खिशातील यंत्र वाजते. शेजाऱ्याचे वाजत नाही. मुलांनो, हे कसे घडते?

ही करामत ‘सिम’ नावाच्या इवल्याशा कार्डाची आहे. प्रत्येक सिमवर सामान्यतः पंधरा अंकांची एक खूण नोंदलेली असते. भारतातील सिमची खूण ४०४ किंवा ४०५ या अंकांनी सुरू होते. यंत्र सुरू होताच ही खूण जवळच्या मनोऱ्यामार्फत कंपनीकडे पोहोचते. आपला दहा अंकी क्रमांक कोणत्या खुणेशी जोडलेला आहे आणि ते सिम सध्या कोणत्या भागात आहे, याची नोंद कंपनी ठेवते. म्हणूनच हाक चुकत नाही.

पण कोणी तोतया दुसऱ्याची खूण सांगू लागला तर? पूर्वी किल्ल्याच्या दरवाजावर पहारेकरी परवलीचा शब्द विचारीत. तो शब्द जवळ लपलेल्या हेराने ऐकला, तर घात होई. सिमची रीत अधिक चतुर आहे. सिममध्ये एक गुप्त किल्ली असते. तिची जोडकिल्ली केवळ कंपनीजवळ असते. कंपनी दर वेळी एक नवीच संख्या पाठवते. सिम त्या संख्येवर किल्लीच्या साहाय्याने गणित करून उत्तर धाडते. तेच गणित कंपनीही करते. उत्तरे जुळली की प्रवेश मिळतो. किल्ली स्वतः कधीच बाहेर पडत नाही! हेराने उत्तर ऐकले, तरी पुढच्या नव्या प्रश्नाला ते निरुपयोगी.

पहिली सिम कार्डे १९९१ साली जर्मनीतील म्युनिक येथील गीझेके आणि डेव्ह्रिएंट या कंपनीने बनवली. तेव्हा ती बँकेच्या कार्डाएवढी होती. आजचे सर्वांत लहान कार्ड १२.३ मिलिमीटर लांब व ८.८ मिलिमीटर रुंद असते. त्यावरील चकाकणाऱ्या पट्ट्यांना सोन्याचा मुलामा असतो. सोने गंजत नाही. मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

मोबाइल हरवला की लोक यंत्राच्या किमतीसाठी हळहळतात. खरे पाहता आधी चिंता करावी ती सिमची. बँकेचे गुप्त अंक त्याच क्रमांकावर येतात, आणि चोराने सिम दुसऱ्या यंत्रात घातले, तर ते निरोप त्याच्या हाती पडतात. सिमलाही अंकांचे कुलूप लावता येते. तीन वेळा अंक चुकले की कार्ड अडते. ते पुष्कळ जण लावीतच नाहीत! हरवल्याचे कळवताच कंपनी जुने सिम बंद करते आणि ओळख पटवून त्याच क्रमांकाचे नवे देते. नव्या सिमची खूण निराळी, किल्लीही निराळी. जुन्याचे उत्तर मग कोणताही मनोरा स्वीकारीत नाही.