शेवटचा पेटलेला दिवा

आधी एक कबुली देतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांतला फरक मला आजही जरा थांबून विचार केल्याशिवाय कळत नाही. संपादक मंडळाने ‘मराठी विभागासाठी काहीतरी टेक्निकल लिही’ म्हटलं, तेव्हा शुद्धलेखन त्यांनी तपासायचं या अटीवरच मी हो म्हणालो. तर हा लेख त्या एकोणसत्तरचाच आहे!

२०२५ ची हरतालिका. दुसऱ्या दिवशी, म्हणजे २७ ऑगस्टला, आमच्या हॉस्टेलचा गणपती बसणार होता. वर्गणीच्या पैशांतून बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन पिक्सेल लाईटच्या ४ माळा आणल्या होत्या, प्रत्येकी ५० दिव्यांच्या. मखराभोवती माळा बसवायचं काम माझ्याकडे आणि सोल्डरिंगचं काम विंगमधल्या सेकंड इयरच्या एका मुलाकडे. रात्री साडेअकराला बटण दाबलं. मखराची एक बाजू झगमगली, पुढे मिट्ट काळोख!

मी सगळ्यांसमोर त्या मुलावर खेकसलो, “एवढं साधं सोल्डरिंग जमत नाही तुला?” तो बिचारा एवढंच म्हणाला, “दादा, एकोणसत्तरावा दिवा बंद आहे.” मी तावातावाने जाऊन एकोणऐंशीवा दिवा कापून बदलला. सगळे हसले. मग ६९ वा बदलला, तरी काळोख तसाच. रात्रीचा दीड वाजला.

आता थोडा अभ्यास करू. आपल्या जुन्या सिरीजच्या माळेत सगळ्या बल्बमधून एकच करंट जातो, एक बल्ब उडाला की सगळी माळ बंद. पिक्सेल माळेत तसं नसतं. प्रत्येक दिव्याच्या पोटात एक छोटी आयसी असते, आमच्या माळेत डब्ल्यूएस २८११ होती. तारा तीन: ५ व्होल्ट, ग्राऊंड आणि डेटा. पहिल्या दोन सगळ्या दिव्यांना सारख्याच मिळतात. डेटा मात्र एका दिव्यातून दुसऱ्यात जातो. कंट्रोलर प्रत्येक दिव्यासाठी २४ बिट पाठवतो, लाल, हिरवा आणि निळा यांना ८-८. एका बिटाला १.२५ मायक्रोसेकंद, म्हणजे एका दिव्याला ३० आणि आमच्या २०० दिव्यांना ६ मिलिसेकंद.

हे पंगतीसारखं आहे. वाढपी ताटांची चळत पहिल्याकडे देतो. तो एक ताट स्वतःपुढे ठेवून बाकीची शेजाऱ्याकडे सरकवतो. आता मधल्या एकाने आपलं ताट घेतलं आणि बाकीची पुढे दिलीच नाहीत तर? तो स्वतः मजेत जेवेल, पण त्याच्या पुढची सगळी रांग उपाशी!

आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. हॉस्टेलचे वायरमन काका गोंधळ ऐकून वर आले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “पोरांनो, बंदवाल्याला सोडा की. त्याच्या आधीचा बघा. तो पुढं देतोय का?”

सप्लाय बंद केला. ६८ आणि ६९ मधल्या डेटाच्या तारेचं दोन्ही टोकांना थोडं इन्सुलेशन सोललं आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावला. बीप नाही! त्याच जागी मखराचा कोपरा होता. तिथे माळ बसेना म्हणून मी ती काटकोनात मुरडून केबल टायने करकचून आवळली होती. वरून तार धडधाकट, आत तांबं तुटलेलं. त्या मुलाचे सगळे जोड पक्के होते. चूक माझी होती.

तेव्हा पहिला नियम लिहून ठेवा: माळ जिथे विझते तिथे तीन संशयित असतात. पहिला बंद दिवा, शेवटचा चालू दिवा आणि दोघांमधली तार. बंद दिव्याला कंट्रोलरमधून थेट डेटा देऊन बघा. तो पेटला तर तो निर्दोष.

बाकीचे नेहमीचे घोटाळे असे:

१) एकही दिवा पेटत नाही. माळ उलटी जोडली असेल. डेटा एकाच दिशेने जातो, दिव्याच्या पट्टीवर बाण असतो तो बघा. तारांच्या रंगांवर विसंबू नका, ते माळेगणिक बदलतात. कंट्रोलर आणि एसएमपीएस यांचं ग्राऊंड एकमेकांना जोडलंय का, हेही तपासा. ते नसेल तर डेटा कशाच्या तुलनेत मोजायचा हेच आयसीला कळत नाही.

२) शेवटचे दिवे पांढऱ्याऐवजी तांबूस दिसतात. हा व्होल्टेज ड्रॉप. पूर्ण पांढऱ्यावर एक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे २०० दिव्यांना १२ अँपिअर, ६० वॉट. बारीक तारेत व्होल्टेज पडतं आणि निळा-हिरवा आधी मंदावतो, कारण त्यांना सुमारे ३ व्होल्ट लागतात, लालला २ च्या आसपास पुरतात. उपाय: जाड वायरने दर ५० दिव्यांनंतर पुन्हा ५ व्होल्ट आणि ग्राऊंड द्या.

३) दिवे वेड्यासारखे लुकलुकतात. ईएसपी ३२ सारखा कंट्रोलर ३.३ व्होल्टचा डेटा देतो, पण ५ व्होल्टवरच्या आयसीला ‘१’ समजायला ३.५ व्होल्ट हवेत. जवळून कसंबसं चालतं, लांब वायर लावली की बिघडतं. मध्ये ७४एचसीटी१२५ ही आयसी टाका, डेटाच्या तारेत ३३० ओहमचा रेझिस्टर घाला आणि कंट्रोलर पहिल्या दिव्याजवळ ठेवा.

४) लाल मागितला की हिरवा येतो. इथे वायरिंगला हात लावू नका! प्रोग्रॅममध्ये रंगांचा क्रम बदला.

एक गोष्ट मात्र गमतीवारी नेऊ नका. ५ व्होल्टचा शॉक लागत नाही, पण त्याच एसएमपीएसच्या दुसऱ्या टोकाला २३० व्होल्ट असतात, तेही उघड्या स्क्रूवर. गणपती येतात ते पावसाळ्यात, मांडवात ओल असते. एसएमपीएसच्या बॉडीला अर्थिंग द्या, तो झाकून उंचावर ठेवा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावा आणि हात घालण्याआधी प्लग काढा. बाहेर मंडळाचा मांडव असेल तर महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन रीतसर घ्या, आकडा नको.

पहाटे तीनला दोनशेच्या दोनशे दिवे लागले. पोरांनी मोरयाचा गजर केला. मी त्या मुलाला म्हटलं, “सॉरी यार, चूक माझी होती.” पण हे मी हळूच, कोपऱ्यात म्हटलं. ओरडलो होतो मात्र सगळ्यांसमोर. हे मला सकाळच्या आरतीला उभं असताना खटकलं. मग प्रसाद वाटताना सगळ्यांदेखत पुन्हा माफी मागितली. तो हसला आणि म्हणाला, “दादा, असू दे. आधी पाढे पाठ करा.”

आता ऐंशीपर्यंत आलेत. एकोणऐंशी म्हणजे सेव्हंटी नाईन. पक्कं!