पिक्चर उतरवताना मुलाशेजारी बसा



म्हैसूरला राहणाऱ्या मराठी घरांची एक अडचण आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. इथल्या थिएटरांत कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी, इंग्रजी सगळं लागतं; मराठी पिक्चर मात्र क्वचितच. पुण्याहून बहिणीचा फोन येतो, "अगं, बघितलास का? काय सुंदर काम केलंय!" आणि संध्याकाळी आपण नववी-दहावीतल्या पोराला सांगतो, "बघ रे, कुठून मिळतो का. आजीलाही बघायचाय." पोरगं तासाभरात पिक्चर हजर करतं. आपण चार लोकांत त्याचं कौतुकही करतो. त्या तासाभरात आपल्या कॉम्प्युटरवर काय काय येऊन बसलं, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून, मुलांना बोल लावण्याआधी एवढं मान्य करू या, की पुष्कळ घरांत ही सवय मोठ्यांच्या फर्माइशीतूनच लागते.

पालक मला सहसा एकच प्रश्न विचारतात: "टॉरेंटसाठी सुरक्षित प्रोग्रॅम कोणता?" त्याचं उत्तर देते, पण आधी टॉरेंट म्हणजे काय ते बघू.

कुवेम्पुनगरमधल्या एका घरी मी आई-बाबा आणि मुलगा तिघांनाही स्क्रीनसमोर बसवलं होतं. प्रोग्रॅम चालू होता. खालच्या बाजूला 'पीअर्स' नावाचं एक पान असतं, ते उघडलं. आकड्यांची रांगच्या रांग आली: प्रत्येक ओळीत एक आयपी पत्ता, शेजारी त्या देशाचा इवलासा झेंडा. ही सगळी माणसं त्याच फाइलचे तुकडे एकमेकांना देत-घेत होती. आईने विचारलं, "म्हणजे आपला पत्तापण त्यांना असाच दिसतोय?" हो, तस्साच दिसतो. शेजारच्या रकान्यात अपलोडचा आकडा वाढत होता. मुलगा फाइल घेत होता आणि त्याच वेळी तिचे तुकडे वाटतही होता. 2001मध्ये ब्रॅम कोहेनने बिटटॉरेंट बनवलं ते याच तत्त्वावर: घेणाऱ्यानेच पुढे द्यायचं. त्याआधीच्या नॅपस्टरला मधोमध सर्व्हर लागायचा, आणि कोर्टाच्या आदेशानंतर 2001मध्ये तो बंद पडला. टॉरेंटमध्ये सगळ्यांना लागणारा असा एकच एक सर्व्हर नसतो. प्रत्येक घर थोडंथोडं दुकान होतं.

कायद्याच्या नजरेने हे 'थोडंथोडं दुकान' महत्त्वाचं आहे. 2016मध्ये 'ढिशूम' चित्रपटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं, की नुसतं पाहणं हा गुन्हा नव्हे; परवानगीशिवाय वाटणं, जाहीर दाखवणं, विकणं किंवा भाड्याने देणं हा गुन्हा. पुष्कळांनी त्यातलं पहिलं अर्धं वाक्यच लक्षात ठेवलं. पण टॉरेंटवर वाटप आपोआप होतं, तुम्हाला वेगळं बटण दाबावं लागत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. आर्थिक फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कमी शिक्षा देऊ शकतं, हे खरं. पण इंटरनेटचं कनेक्शन बाबांच्या नावावर असतं, हेही खरं. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, 29 एप्रिल 2016ला लागलेला 'सैराट' काही दिवसांतच फोनाफोनांतून फिरत होता. आपल्या भाषेतली माणसं जीव ओतून सिनेमा करतात. तो फुकट फिरला की पुढच्या सिनेमाला पैसा लावणारा हात आखडता घेतो.

आता प्रोग्रॅमबद्दल. टॉरेंट ही मुळात वाईट गोष्ट नाही. उबुंटू, लिबरऑफिस यांच्या फाइली अधिकृतपणे टॉरेंटनेही मिळतात, आणि इंटरनेट आर्काइव्हही ती सोय देतं. अशा कामासाठी क्यूबिटटॉरेंट किंवा ट्रान्समिशन घ्या. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, जाहिराती नाहीत, सोबत दुसरं काही गळ्यात मारत नाहीत. म्यूटॉरेंट फार प्रसिद्ध होतं. 2015मध्ये त्याच्यासोबत आभासी चलन खणणारा प्रोग्रॅमही इन्स्टॉल होतो, अशी ओरड झाली होती. मुलं 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत जातात आणि अशा गोष्टी आत शिरतात. म्हणून इन्स्टॉल करताना शेजारी बसा, प्रत्येक खूण वाचा. प्रोग्रॅम त्याच्या मूळ साइटवरूनच घ्या. तरीही शंभर टक्के खात्री नसते: मार्च 2016मध्ये खुद्द ट्रान्समिशनच्या साइटवरच्या मॅक आवृत्तीत कुणीतरी खंडणी मागणारा व्हायरस घुसवला होता. फाइली उतरवायला वेगळा फोल्डर ठेवा, आणि मुलाचं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं नको.

खरा धोका प्रोग्रॅमपेक्षा फाइलीत असतो. विंडोज फाइलीच्या नावाचं शेपूट लपवतं, त्यामुळे 'गाणं.mp3.exe' हे नुसतं 'गाणं.mp3' दिसतं. हे शेपूट दाखवणारं सेटिंग आजच चालू करा. अडीच तासांचा पिक्चर चार एमबीचा असूच शकत नाही. "बघण्यासाठी हा कोडेक टाका" असं आलं तर तिथेच थांबा. व्हीएलसी प्लेअरवर जवळपास सगळं चालतं, आणि ते अद्ययावत ठेवा. 2019मध्ये आरियाना ग्रांदेच्या नव्या अल्बमची चोरटी रार फाइल फिरत होती. अशा फाइली उघडणाऱ्या विनरार प्रोग्रॅममधल्या जुन्या दोषाचा फायदा घेऊन ती गाण्यांबरोबर व्हायरसही आत टाकायची. गाणी खरोखरच वाजायची, म्हणून कुणाला शंका येत नव्हती. आणि मुलगा म्हणाला, "मी व्हीपीएन लावलाय", तर कुठला ते विचारा. होला नावाची फुकट सेवा आपल्याच वापरणाऱ्यांच्या कनेक्शनमधून परक्यांची वाहतूक सोडते, हे 2015मध्ये उघड झालं होतं.

बऱ्याच मुलांचा कारभार आता फोनवरच चालतो. फाइली पाठवणारी शेअरइट आणि झेंडर ही ॲप्स 29 जून 2020च्या सरकारी बंदीत गेली, तरी त्यांच्या नावाने एपीके, म्हणजे ॲप बसवायच्या, फाइली व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर हिंडतात. घेऊ नका. घरातल्या घरात फोटो-गाणी पाठवायला अँड्रॉइडमधलं क्विक शेअर पुरतं. पिक्चर देतो म्हणणारं एपीके एसएमएस वाचायची परवानगी मागत असेल, तर त्याला ओटीपी हवा आहे.

आता आजीच्या फर्माइशीकडे येऊ. झी5, प्राइम व्हिडिओ, अल्ट्रा झकास यांवर मराठी सिनेमा आहे. दोन-तीन घरांनी मिळून एका घरी बसून बघितला तर थिएटरच्या एका फेरीपेक्षा स्वस्त. आणि जुनं हवं असेल तर आपल्या कायद्यात चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो. मुलाला हे हिशोबासकट समजावून सांगा, त्याला ते आवडेल. इंटरनेट आर्काइव्हवर कुणीही काहीही चढवतं, म्हणून साल बघायची सवय त्याला लागली पाहिजे.

अशी सुरुवात करायला म्हैसूरइतकं चांगलं गाव नाही. नोव्हेंबर 1902मध्ये कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीने भारतातली आपली पहिली ध्वनिमुद्रणं केली, त्यांत गायिका गौहर जान होत्या. 1928मध्ये कृष्णराज वाडियार चौथे यांनी त्यांना दरबारी नेमलं, आणि 17 जानेवारी 1930ला त्या याच गावात गेल्या. मिरजेचे अब्दुल करीम खाँ इथल्या दरबारात वारंवार गायले. या दोघांच्याही तबकड्यांची मुदत केव्हाच संपली आहे. विक्रम संपत यांच्या आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिकवर जुन्या तबकड्या ऐकायला मिळतात. मुलाला त्या शोधायला लावा, वर्ष तपासायला लावा, आणि आजीला त्यालाच ऐकवू द्या.

शेवटी, काही बिघडलंच तर काय करायचं? स्क्रीनवर खंडणीची पाटी आली तर वायफाय लगेच बंद करा, पेनड्राइव्ह काढा, पैसे भरू नका. बँकेतून पैसे गेले असतील तर त्याच तासात 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार नोंदवा. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईची साधनं फुकट आहेत. मुलाने हे तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं तर पैसे वाचण्याची शक्यता खूप वाढते. तो सांगेल की लपवेल, हे आज त्याच्या शेजारी तुम्ही कसे बसता त्यावर ठरतं.